शेवटासाठी ठेवलेला विषय

मिस्त्रींनी आवडीचा विषय शेवटासाठी राखून ठेवला, आणि शेवट यायच्या आतच विभागाने तो विषय बंद करून टाकला. चूक कुणाची म्हणायची? विभागाची म्हणता येत नाही, विभाग काही एका माणसासाठी चालत नाही. मिस्त्रींची म्हणावी, तर आयुष्यभर ज्या रीतीनं काम केलं त्याच रीतीनं ते शिकायलाही बसले, एवढंच.

ती रीत अशी. सुतारकामात जे किचकट, ते आधी. लाकूड निवडा, कापा, सांधे पाडा, ते बसेपर्यंत घासा. यात पाठ मोडून निघते. पॉलिश सगळ्यांत शेवटी. मिस्त्रींना पॉलिशचं काम जिवापाड आवडायचं. कापडाचा बोळा हातात आला की गडी गुणगुणायला लागायचा. पण सांधा पक्का झाल्याशिवाय त्यांनी पॉलिशच्या डब्याचं झाकण कधी उघडलं नाही. आवडीचं काम आधी उरकणाऱ्या माणसाचा त्यांना भरवसा वाटत नसे.

अर्थशास्त्र विभागात अजून खडू होता तेव्हाची ही गोष्ट. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे पत्र्याची लांब शेड होती. अर्ध्या शेडमध्ये मिस्त्री, अर्ध्या शेडमध्ये रंगारी. सगळ्या इमारतींतली बाकं, कपाटं, दारं आणि वर्गांतले फळे आधी मिस्त्रींच्या हाताखालून जायचे, मग रंगाऱ्याच्या ब्रशखालून. दोघं बरोबरच कामाला लागले होते आणि तेव्हापासून रोज भांडत होते. मिस्त्रींच्या भुशानं रंगाऱ्याचा ओला रंग खराब व्हायचा आणि रंगाऱ्याच्या वासानं मिस्त्रींचं डोकं चढायचं. एक जण रजेवर गेला की दुसऱ्याला शेडमध्ये करमत नसे, पण हे बोलून कोण दाखवणार?

विभागाच्या कोपऱ्यातल्या वर्गात फळ्यासमोर लाकडी चौथरा होता. एकदा त्याची फळी कुजली आणि शिकवता शिकवता बाईंचा पाय आत गेला. बाई म्हणजे विभागातल्या सगळ्यांत जुन्या प्राध्यापिका. अंगानं बारीक, आवाज खणखणीत. काम तातडीचं म्हणून मिस्त्री दोन तासांच्या मधल्या वेळात हत्यारांची पेटी घेऊन गेले. जुनी फळी काढून झाली, नवी बसवायची तर घंटा वाजली आणि बाई मुलांना घेऊन आत आल्या.

"मी जातो, बाई. नंतर येईन."

"कशाला? तुम्ही ठोका. मी खाली उभी राहून शिकवते."

"ठोकलं तर तुमचं ऐकू यायचं नाही."

"मग मागे जाऊन बसा. तासभर हात गप्प ठेवा."

मिस्त्री मागच्या बाकावर बसले. त्या बाकाचा एक पाय स्क्रू ढिला होऊन डुगडुगत होता, ते त्यांना आधी दिसलं. मग हळूहळू बाईंचं बोलणं कानात शिरू लागलं. विषय होता श्रमाचं अर्थशास्त्र. बाई म्हणाल्या, "दोन सुतार आहेत. दोघांनी अगदी सारखंच दार केलं. एकाचं दिवसात झालं, दुसऱ्याला तीन दिवस लागले. कुणाला किती द्यायचं, आणि ते ठरवणार कोण?"

सगळा वर्ग मान वळवून मिस्त्रींकडे बघायला लागला. मिस्त्री आपल्या चपलांकडे बघायला लागले.

"त्यांच्याकडे काय बघता? परीक्षा त्यांची आहे का?" बाई म्हणाल्या.

मग मुलांनी एकेक उत्तर दिलं आणि बाईंनी ते एकेक करून पाडलं. शेवटी त्या स्वतः सांगणार, एवढ्यात घंटा झाली. "उरलेलं पुढच्या तासाला," म्हणून बाई हात झटकत निघून गेल्या. मिस्त्रींना पुढचा तास नव्हता. चौथरा त्याच संध्याकाळी पक्का झाला. प्रश्न मात्र बोटात कुसळ शिरावं तसा आत राहिला. रंधा मारताना टोचायचा, जेवताना टोचायचा. दुसऱ्या वर्षी विभागाच्या संध्याकाळच्या वर्गात मिस्त्रींनी नाव घातलं.

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "पोरगी शाळेत जाते ते पुरे नाही का? आता दोन दोन दप्तरं भरू का मी?"

"माझं मी भरीन."

"तुम्हाला स्वतःचा डबा भरता येत नाही."

तरी पहिल्या दिवशी तिनंच डबा भरून दिला, आणि पुढे इतकी वर्षं भरत राहिली.

संध्याकाळचा वर्ग म्हणजे दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेली माणसं. एक पोस्टमन होता, तो आल्या आल्या बूट काढून पाय बाकाखाली पसरायचा. एक नर्स होती. तिला उघड्या डोळ्यांनी झोपता यायचं, आणि प्रश्न विचारला की ती जागी होऊन बरोबर उत्तर द्यायची. टेलिफोन ऑफिसातली एक ऑपरेटर होती, तिच्या तोंडून "हॅलो" शिवाय वाक्य सुरू होत नसे. दिव्याची नळी सारखी मिचकायची, खिडकीतून वसतिगृहाच्या मैदानावरचा आरडाओरडा यायचा, आणि मास्तर फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेघा ओढायचे. मिस्त्रींना त्या रेघा कधीच सरळ वाटल्या नाहीत. एकदा ते न राहवून म्हणाले, "सर, पट्टी देऊ का?" वर्ग हसला. मास्तरही हसले आणि दुसऱ्या दिवशी खरंच पट्टी घेऊन आले.

काही विषय सक्तीचे होते, काही ऐच्छिक. ऐच्छिकांतले कधी घ्यायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळे जण सोपा विषय आधी घेऊन टाकत. मिस्त्रींनी उलट केलं. त्यांना हवा होता एकच विषय, बाईंचा. तो त्यांनी शेवटाला लावला. आधी व्यष्टी, समष्टी, सार्वजनिक वित्त, बँकव्यवहार. संख्याशास्त्रात नाकी नऊ आले. पहिल्या वेळी साफ नापास झाले. ऑपरेटरबाईनं समजावून सांगितलं, नर्सनं आपल्या वह्या दिल्या, तेव्हा दुसऱ्या वेळी निभावलं. वर्षाला एखाद-दुसरा पेपर सुटायचा. बरोबरची माणसं पुढे गेली. पोस्टमनची बदली झाली, नर्स पास होऊन मोठ्या हुद्द्यावर गेली. मागून नवी माणसं आली, तीही पुढे गेली. मिस्त्री आपले कोपऱ्यातल्या वर्गातल्या त्याच मागच्या बाकावर. आता त्याचा पाय डुगडुगत नव्हता.

रंगारी म्हणायचा, "अरे, ज्याच्यासाठी नाव घातलंस तो विषय घेऊन टाक ना एकदा. आंबट आधी, गोड मागून, हा कसला हट्ट?"

"सांधे व्हायचेत अजून."

"तुझे सांधे व्हायच्या आत तुझेच सांधे धरतील."

शेवटी सगळं उरकलं. एक पेपर राहिला, बाईंचा. त्या सुट्टीत मिस्त्री अंगात वारं भरल्यासारखे हिंडत होते. सुट्टी संपली, सूचनाफलकापाशी गर्दी दिसली, म्हणून तेही जाऊन उभे राहिले.

अभ्यासक्रम बदलला होता. गणित सगळ्यांना सक्तीचं झालं होतं. संख्याशास्त्राचा एक पेपर होता, त्याचे दोन झाले होते. संगणकावर आकडेवारी हाताळायचा एक नवा विषय आला होता. आणि ऐच्छिकांतले तीन विषय बंद: आर्थिक विचारांचा इतिहास, सहकार, श्रमाचं अर्थशास्त्र. संध्याकाळच्या वर्गात यापुढे नवे प्रवेश नाहीत, असंही खाली लिहिलं होतं.

मिस्त्रींनी ते परत वाचलं. मग शेडमध्ये गेले आणि एका दाराच्या चौकटीला रंधा मारत बसले. चौकट आधीच गुळगुळीत होती.

"काय झालं रे?" रंगाऱ्यानं विचारलं.

"पॉलिशचा डबा उचलून नेला."

रंगाऱ्यानं आधी फळीवर ठेवलेल्या डब्याकडे बघितलं, मग मिस्त्रींच्या तोंडाकडे. नेहमी तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं नुसता चहा आणून पुढ्यात ठेवला.

विभागप्रमुख नवे होते, वयानं तरणे, वागायला चांगले. मिस्त्री त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली.

"मिस्त्री, मला ठाऊक आहे तुमचं. पण तुम्हीच सांगा, गेल्या वर्षी बाईंच्या वर्गात तीन मुलं होती. त्यातली दोघं वेळ सोयीची पडते म्हणून आली होती. पोरं गणित येत नाही म्हणून मुलाखतीतून परत येतात आणि इथे माझ्यासमोर रडतात. मी काय करू?"

मिस्त्रींची स्वतःची पोरगी तेव्हा मुलाखती देत होती.

"तुमचं नुकसान होणार नाही," प्रमुख म्हणाले. "जुन्या विद्यार्थ्यांना सूट ठेवली आहे. बंद झालेला विषय करायची गरज नाही. बाकीच्या विषयांची सरासरी धरून त्याचे गुण लावतो. इथे सही करा, या सत्राच्या शेवटी पदवी."

"पेपर न देता?"

"न देता."

"न वाचता?"

"मिस्त्री, लोक ही सूट मिळावी म्हणून माझे पाय धरतात."

"न केलेल्या कामावर सही कशी करायची, सर? उद्या न बसवलेल्या दाराचे पैसे द्याल का मला?"

प्रमुखांना हसावं की चिडावं ते कळेना. "विचार करा," एवढंच म्हणाले.

मिस्त्री तिथून निघाले ते बाईंच्या खोलीत. बाईंचं निवृत्तीआधीचं हे शेवटचं सत्र होतं. आवडीचे तास गेले होते, पहिल्या वर्षाची गर्दी तेवढी हाती राहिली होती. टेबलावर तपासायच्या पेपरांचा ढीग होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण लाल पेन खाली ठेवलं नाही.

"इतकी वर्षं कुठे होतात? मी दर वर्षी शिकवत होते."

"शेवटाला ठेवला होता, बाई. आवडीचा म्हणून."

बाईंनी मान वर केली. "आवडीचा? तुम्ही एकच तास ऐकलाय माझा. तोही अर्धा."

"पाऊण."

"आणि तेवढ्यावर आवड ठरवलीत?" बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि त्या उठल्या. "चला."

दोघं पुन्हा प्रमुखांपुढे उभे राहिले. बाई म्हणाल्या, "जुना अभ्यासक्रम, जुने नियम. विद्यार्थी एक. वर्ग मी घेते, पेपर मी काढते, मीच तपासते. शेवटचं म्हणून हे चालवून घ्या."

"बाई, तुमच्या डोक्यावर आधीच पहिल्या वर्षाचा ढीग आहे."

"तो माझा मी बघते."

प्रमुखांनी कपाळ चोळलं. मग मिस्त्रींकडे वळून एकेक शब्द तोलत म्हणाले, "नीट ऐका. पेपर द्यायचा ठरवलात तर सूट गेली. दोन्ही एकदम मिळत नाहीत. आणि नापास झालात तर फेरपरीक्षा नाही. विषयच उरला नाही तर फेरपरीक्षा कशाची घेणार? म्हणजे पदवीही गेली. संख्याशास्त्र, बँकव्यवहार, सगळं केलेलं पाण्यात."

"आणि मी कुणाला वर ढकलत नाही," बाई म्हणाल्या. हे सांगायची गरज नव्हती. बाईंच्या पेपरात लटकलेली माणसं मोठमोठ्या हुद्द्यांवर होती आणि अजून त्यांच्या नावानं दचकत होती.

मिस्त्रींनी सूट घ्यायचा कागद प्रमुखांच्या टेबलावर परत सरकवला.

घरी हे कळलं तेव्हा बायको भडकली. नुसती भडकली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली.

"पोरीच्या शाळेतल्या नाटकाला आला नाहीत. माझ्या भावाच्या लग्नात खांबाआड पुस्तक घेऊन बसलात. मी आजारी पडले तेव्हा तुमची परीक्षा होती, मी म्हटलं जा. त्या सगळ्याची पदवी आहे ती. तुमची एकट्याची नाही. हातात येत होती, ती लोटून दिलीत. मला एका शब्दानं विचारलंत?"

विचारलं नव्हतं.

पोरगी म्हणाली, "बाबा, कुठला पेपर दिला आणि कशाची सूट घेतली, हे नोकरीत कुणी बघत नाही."

"मला कुठे नोकरी लागायचीय? मला आहे ती."

"मग कशाला हवंय हे सगळं?"

"अर्धं ऐकलंय मी," मिस्त्री म्हणाले. "उरलेलं ऐकायचंय."

बायको उठून आत गेली. पुढे पुष्कळ दिवस ताट पुढ्यात जरा आवाज करूनच यायचं. डबा मात्र वेळेवर भरलेला असायचा.

वर्ग सुरू झाला. कोपऱ्यातली तीच खोली. चौथऱ्यावर बाई, समोर रिकामी बाकं, आणि पहिल्या बाकावर मिस्त्री. बाई हजेरी घ्यायच्या, "हजर" म्हणावं लागायचं. एकदा मिस्त्री हसले तर बाई म्हणाल्या, "नियम वर्गाला असतात, डोक्यांच्या संख्येला नसतात."

पहिल्याच आठवड्यात दाराचं उत्तर आलं. म्हणजे आलं असं मिस्त्रींना वाटलं. बाई म्हणाल्या, "एक मत असं, की बाजार ठरवतो. दुसरं म्हणतं, कारागिराला जगायला जेवढं लागतं तेवढं मिळतं. तिसरं म्हणतं, ज्याला थांबणं परवडतं तो ठरवतो. चौथं म्हणतं, गावात जो दर पडून गेला तोच चालतो."

"आणि खरं कुठलं?"

"चारी मतांची माणसं हुशार होती."

"म्हणजे एका दाराला चार उत्तरं? याच्यासाठी मी इतकी वर्षं काढली?"

"उत्तर पाहिजे होतं तर बाजारात जायचं. इथे का आलात?"

मिस्त्री त्या दिवशी रागातच घरी गेले. ज्या विषयाची गोडी मनात एवढी साठवली होती, तो हातात आल्यावर वेगळाच निघाला. गोड तर नव्हताच. दर तासाला कुठेतरी अडायचं आणि वाद व्हायचा. सगळ्यांत मोठा वाद कष्टांवरून झाला.

बाई सांगत होत्या, "शास्त्र असं धरून चालतं, की काम माणसाला नकोसं असतं. मजुरी म्हणजे त्या नकोसेपणाची भरपाई."

"हे चूक आहे."

"कसं?"

"मी पॉलिश करताना गुणगुणतो."

"गुणगुणत असाल. शास्त्र तुमच्या एकट्यासाठी लिहिलेलं नाही. शेजारच्याला विचारून या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रंगाऱ्याला गाठलं. "खरं सांग, तुला रंगवायला आवडतं ना?"

"मला?" रंगाऱ्यानं ब्रश खाली ठेवला. "मला तर अंथरुणातून उठायलाच आवडत नाही. पगार बंद झाला तर उद्यापासून मी या शेडचं तोंड बघणार नाही."

"एवढ्या वर्षांत कधीच आवडलं नाही?"

"वसतिगृहाची भिंत रंगवली होती ती आवडली होती. दुपारपर्यंत. मग ऊन आलं."

हे सगळं मिस्त्रींनी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. खोटं सांगायचा मोह झाला होता, पण आवरला. बाई इतक्या हसल्या की त्यांना चौथऱ्यावर टेकावं लागलं. "तुमच्या मित्राला दुपारपर्यंतचे गुण द्यायला हवेत," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून पुन्हा उभ्या राहिल्या आणि एखाद्या कामात कष्ट कुठे संपतात आणि गोडी कुठे लागते, यावर कुणी कुणी काय काय लिहून ठेवलंय ते सांगत बसल्या. घंटा झाली तरी दोघांना भान नव्हतं.

दर आठवड्याला एक उत्तर लिहून आणायचं असा बाईंचा दंडक होता. मिस्त्री शेडमध्ये दुपारी जेवण उरकून लिहायला बसायचे. पहिलं उत्तर परत आलं ते लाल शाईनं रक्तबंबाळ होऊन. खाली एकच ओळ: "हे तुमचं मत झालं, उत्तर नाही." दुसऱ्यावर तीच ओळ. तिसऱ्यावरही तीच. चौथ्यावर काहीतरी वेगळं होतं म्हणून मिस्त्रींनी आशेनं वाचलं. "हे दुसऱ्याचं मत झालं. उत्तर अजून नाही."

मिस्त्रींना झोप लागेना. रंगाऱ्याला म्हणाले, "सूट घेतली असती तर बरं झालं असतं."

"आता सुचतंय? वहिनी काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही."

"मग वाईट आहे."

त्याच सुमारास शेडमध्ये कामाचा हुकूम आला. विभागातली कोपऱ्याची खोली रिकामी करायची. बाकं उचलायची, चौथरा तोडायचा, भिंतीला लागून संगणकांसाठी लांब टेबलं बसवायची. खाली प्रमुखांची सही होती.

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी भरली. रंगारी मदतीला आला. बाकं जमिनीत ठोकलेली होती, त्यांचे स्क्रू गंजून बसले होते. ती बाकं मिस्त्रींच्या आधीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी केलेली होती. खालून उलटी केली तरी एक सांधा हलला नव्हता. पृष्ठभागावर किती तरी पिढ्यांनी करकटकाच्या टोकानं कोरून ठेवलं होतं: कुणाची नावं, कुणाचे बदाम, एका ठिकाणी मागणीची रेघ, चांगली सरळ. मिस्त्रींनी प्रत्येक बाक न तोडता सोडवलं. रंगारी म्हणाला, "हातोडा घाल की. भंगारातच जायचीत."

"कुणीतरी बसवलीत ती."

चौथऱ्याच्या वेळी मात्र ते बाहेर गेले. तो रंगाऱ्यानं एकट्यानं तोडला.

टेबलं मिस्त्रींनी मन लावून केली. वायरी जायला मागे भोकं पाडली, कडा हाताला लागू नयेत म्हणून गोल केल्या. प्रमुख बघायला आले, टेबलावर हात दाबून बघितला. "मजबूत दिसतायत. किती वर्षं टिकतील?"

"तुमच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त," मिस्त्री म्हणाले.

प्रमुख मोठ्यानं हसले. जाता जाता दारात थांबले. "तुमचा वर्ग आता कुठे भरतो?"

"शेडमध्ये."

खरंच शेडमध्ये भरत होता. रद्द झालेला फळा मिस्त्रींनी भिंतीला टेकवून ठेवला होता. बाई पदराची काळजी घेत भुशातून वाट काढत यायच्या आणि हजेरी घ्यायच्या. रंगाऱ्याला सांगितलं होतं, तासाच्या वेळी आवाज नको. तो आवाज करत नसे, पण मधूनच म्हणायचा, "बाई, हे काही पटलं नाही." बाई म्हणायच्या, "नाव घाला, मग शंका विचारा." तरी पुढच्या तासाला त्या नेमक्या त्याच्याच शंकेपासून सुरुवात करायच्या. तारपीनचा वास, पत्र्यावर तापलेली दुपार, आणि फळ्यावर मजुरीचे चार सिद्धांत. विभागात असा वर्ग आधी कधी भरला नव्हता, पुढेही भरला नाही.

सत्र संपत आलं तेव्हा एका उत्तराखाली बाईंनी काहीच लिहिलं नाही. नुसती बरोबरची खूण. मिस्त्रींनी कागद उलटून मागे बघितलं. मागेही काही नव्हतं. त्या दिवशी मिस्त्रींच्या हातून एका फळीला दोनदा पॉलिश झालं.

परीक्षा कामाच्या टेबलावर झाली. बाईंनी वेळ सांगितली, प्रश्नपत्रिका उलटी ठेवली, आणि स्टुलावर ताठ बसल्या. रंगाऱ्यालाही बाहेर काढलं. तो शेडच्या दाराशी राखण करत बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करत राहिला. मिस्त्रींचा हात जड होता. लिहायचा वेग कमी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर होतं तेव्हा बाई म्हणाल्या, "वेळ झाली." मिस्त्रींनी वाक्य पुरं करायला पेन टेकवलं. बाईंनी कागद ओढून घेतला.

बाहेर आल्यावर रंगाऱ्यानं विचारलं, "कसा गेला?"

"अर्धा."

"पुन्हा अर्धा?"

त्या आठवड्यात मिस्त्री घरात सावलीसारखे वावरले. बायकोनं विचारलं नाही, पण एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "लिहिलंत ना जमेल तेवढं? मग गप्प बसा." तेवढ्यानं त्यांना घास गेला.

बाई तपासलेला पेपर घेऊन स्वतः शेडमध्ये आल्या. कागद टेबलावर ठेवला. पास होते. काठावर, पण काठाच्या आत. रंगाऱ्यानं टाळी वाजवली. मिस्त्रींनी मात्र बेरीज बघितली, मग पानं उलटून तिसऱ्या प्रश्नावर आले आणि तिथेच थांबले.

"बाई, हे अर्धंच लिहिलंय मी."

"दिसलं मला."

"याला एवढे कसे दिलेत?"

रंगारी मागून कुजबुजला, "अरे, गप." कारण तिथले थोडे जरी गुण कमी झाले असते तरी मिस्त्री काठाच्या बाहेर पडले असते, हे त्यालाही दिसत होतं.

"दया म्हणून दिले असतील तर काढा," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी पेपर ओढून घेतला आणि चष्मा लावला. उभ्या उभ्या ते उत्तर पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"जेवढं लिहिलंय तेवढं बरोबर आहे. त्याचे गुण दिलेत. जे लिहिलं नाही त्याचे दिले नाहीत. आणि मिस्त्री, तपासणं हे माझं काम आहे. मी कधी तुमच्या सांध्याला गुण्या लावून बघितला?"

"नाही."

"मग?"

मिस्त्रींनी हात जोडले. बाईंनी पेपर घडी करून पिशवीत टाकला. "हा आता कार्यालयात द्यायचा," म्हणाल्या आणि भुशातून वाट काढत निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या निवृत्त झाल्या.

मिस्त्री संध्याकाळी घरी आले. बायको दारातच उभी होती. रंगाऱ्यानं निरोप पोचवला होता की नव्हता, तिच्या तोंडावरून कळेना.

"झालं?"

"झालं. पास."

"किती पडले?"

मिस्त्रींनी आकडा सांगितला.

"एवढेच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी एवढं? सूट घेतली असती तर याच्या दुप्पट लावले असते त्यांनी."

"हे बाईंच्या हातचे आहेत."

तिनं त्यांच्याकडे थोडा वेळ निरखून बघितलं. बाईंना तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "हातपाय धुवून या. पोरगीही थांबलीय जेवायची."